ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम: सिंहगड रोडवरचं एक छोटं गॅरेज

आमची ऑटोमॅटिक गाडी ९० हजार किलोमीटरनंतर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना हिसका द्यायला लागली. खंबाटकी घाट चढताना तर मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटायचं. मोठ्या सर्व्हिस सेंटरने गाडी न चालवताच ‘गिअरबॉक्स बदला’ म्हणून सांगितलं. आकडा ऐकून घरी कुणी बोलेना.

इथल्या मिस्त्रींनी मात्र आधी शेजारी बसून चक्कर मारली, मग स्कॅनर लावला. बिघाड दाखवणारा कोड एकही नाही. गिअरबॉक्सचं ऑइल काढायचं बूच, म्हणजे ड्रेन प्लग, उघडला तर लाल असायला हवं ते ऑइल काळंकुट्ट, जळका वास येणारं. प्लगच्या चुंबकावर राखाडी गाळ, पण धातूचे तुकडे नव्हते, म्हणजे आत काही तुटल्याची खूण नव्हती. "वाचलात काका," म्हणाले. एकदा काढून सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा, ऑइलने भरलेला भाग) राहतं. म्हणून ३०० किलोमीटरनंतर परत बदललं. लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान बघूनच घेतली.

हिसका नव्वद टक्के गेलाय, सकाळी थंड गाडीत किंचित जाणवतो. तो राहणार, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तक्रार एकच: फोन उचलत नाहीत, आणि बसायला एक मोडकी खुर्ची.