सुटी पत्ती, स्टीलची जाळी आणि दोन झाकणांचा डबा

बिनदुधाचा चहा घरात नीट सुरू करायचा म्हणून आषाढात मी चार वस्तू घेतल्या. दार्जिलिंगची सुटी पत्ती (सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनच्या खुडणीची, 100 ग्रॅम, 480 रुपये), कपात बसणारी स्टीलची खोल जाळी, काचेची किटली आणि आतून दाबून बसणारं दुसरं झाकण असलेला पत्र्याचा डबा. सांगलीचा पावसाळा या सगळ्यावरून गेला, दिवाळी झाली, पत्तीचं दुसरं पाकीट चालू आहे. आता मत द्यायला हरकत नाही. चहा आणि डबा मी पुन्हा घेईन. जाळी सोयीची आहे. किटलीवाचून काही अडत नाही.

पत्ती कोलकात्याच्या एका व्यापाऱ्याकडून टपालाने मागवली. पाकिटावर मी आधी मळ्याचं नाव शोधते. नुसतं ‘दार्जिलिंग’ लिहिलेला चहा अनेक मळ्यांचा एकत्र केलेला असू शकतो. तो वाईट असेलच असं नाही, पण आवडला तर पुन्हा नेमका तोच कुठून आणायचा? मग टी बोर्डाचं दार्जिलिंगचं बोधचिन्ह पाहायचं, हातात चहाची पानं धरलेल्या बाईचं. दार्जिलिंग चहाला 2004 साली भौगोलिक मानांकन मिळालं, भारतातलं ते पहिलं, आणि हे नाव तिथल्या ठरलेल्या 87 मळ्यांच्याच चहाला लावता येतं. शेजारच्या नेपाळातल्या इलामचं पान दिसायला अगदी जवळचं असतं, म्हणून हे चिन्ह महत्त्वाचं. त्यानंतर लॉटचा क्रमांक. तिथले मळे वर्षाच्या पहिल्या मालापासून डीजे-1, डीजे-2 असे क्रमांक देत जातात, त्यावरून माल हंगामात लवकरचा की उशिराचा याचा अंदाज येतो. एफटीजीएफओपी-1 ही अक्षरांची माळ पानाचा आकार आणि कळीचं प्रमाण सांगते, चवीबद्दल ती फारसं काही सांगत नाही. तिला भुलून जास्त पैसे देऊ नका.

खुडणीची तारीख मात्र पाकिटावर नव्हती, फक्त पॅकिंगची होती. एवढी किंमत घेताना पान कोणत्या महिन्यातलं हे छापायलाच हवं. फोन करून विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितलं, जूनचा पहिला आठवडा. तरी ही उणीव मी नोंदवते, कारण नवा गिऱ्हाईक फोन करून विचारेलच असं नाही.

आता चहाबद्दल. पान काळपट तपकिरी, वळलेलं, मध्ये मध्ये सोनेरी टोकं. गरम पाणी पडलं की ते उलगडतं आणि तांबूस, तांब्याच्या भांड्याच्या रंगाचं पाणी उतरतं. वास आला तेव्हा मी दोनदा हुंगून पाहिलं, कारण तो मला ओळखीचा होता: पिकलेल्या द्राक्षांचा, बेदाण्याच्या शेडवर येतो तसा. दार्जिलिंगच्या सेकंड फ्लशच्या या चवीला मस्कटेल म्हणतात, मस्कट जातीच्या द्राक्षावरून. ती येते कशी, हे तासगाव-मिरज भागातल्या प्रत्येक बागायतदाराने ऐकावं. मे-जूनमध्ये तिथल्या कोवळ्या पानांवर तुडतुडे आणि फुलकिडे येतात, पानातला रस शोषतात. झाड या चाव्याला उत्तर म्हणून काही सुवासिक द्रव्यं तयार करतं, आणि पान पुढे सुकवताना, वळताना, आंबवताना तोच वास वाढत जातो. आपल्याकडे ज्या किडींसाठी पहाटे उठून फवारणी करतात, त्याच किडींनी चावलेलं पान तिकडे जास्त दराने जातं. माझ्या भावाची एक एकर बाग आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, मग एक कप पाजच मला.” प्यायला, आणि पाकिटावरचा पत्ता लिहून घेऊन गेला.

दूध यात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दूध घातलं की हा वास दबतो आणि 480 रुपये वाया जातात. दुधाच्या चहाला आसामची सीटीसीच हवी. 1930 च्या दशकात आसामात निघालेल्या सीटीसी यंत्रात पान चिरडून, फाडून त्याची गोळी वळतात, म्हणून तिचा रंग आणि कडकपणा झटकन उतरतो आणि दुधालाही पुरून उरतो. आमच्या आईंचा (सासूबाईंचा) सकाळचा चहा तोच, गवती चहाची पात आणि आलं घालून, आणि तो तसाच राहणार आहे. दुपारी चारचा चहा तेवढा आम्ही बदलला.

करण्याची पद्धत सोपी आहे, फक्त आपल्या हाताला सवय वेगळी असते. आपण पत्ती पाण्यात घालून उकळतो. इथे उकळायचं ते फक्त पाणी. ते गॅसवरून उतरवून मिनिटभर थांबायचं, म्हणजे ते 95 अंशांच्या आसपास येतं, मग पत्तीवर ओतून वर झाकण ठेवायचं. झाकण हवंच, कारण वास वाफेबरोबर जातो. 200 मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम पत्ती, म्हणजे पोह्याचा सपाट चमचा जेमतेम भरून. पण मोठं पान चमच्यात कमी मावतं आणि बारीक पान जास्त, म्हणून सुरुवातीला काट्यावर एकदा मोजून घ्या आणि आपल्या चमच्यात ते कुठवर येतं ते लक्षात ठेवा. वेळ साडेतीन मिनिटं. पाच मिनिटांपुढे तुरटपणा चढतो आणि तो साखरेने जात नाही. वेळ झाली की पान पाण्यातून पूर्ण बाहेर काढायचं. तळाशी राहिलं तर दुसरा कप कडू होतो. चहा चाखणाऱ्यांसाठी आयएसओ 3103 नावाचं मानक आहे, त्यात 100 मिलिलिटरला 2 ग्रॅम आणि 6 मिनिटं सांगितली आहेत. ते प्रमाण मालातला दोष पकडण्यासाठी आहे. घरी तसा केला तर पिववणार नाही.

तेच पान दुसऱ्यांदा वापरता येतं, लगेच आणि थोडा जास्त वेळ, पाच मिनिटं मुरवून. चव हलकी येते पण पाण्यासारखी नाही. असा हिशेब केला तर 100 ग्रॅममध्ये 40 कप आणि त्यावर 40 हलके कप. कपाला 12 रुपये, दुसरा धरला तर 6. गाड्यावरच्या चहापेक्षा हा महाग नाही, आणि हे मी दराची बारकाई सांभाळणाऱ्या घरातून आले म्हणून ठामपणे सांगते.

पाणी कोणतं, यालाही किंमत आहे. नळाचं कृष्णेचं पाणी गाळून घेतलं की उत्तम चहा होतो. माहेरच्या बोअरच्या पाण्यात मात्र रंग काळपट आला आणि वर तवंग धरला. पाण्यातल्या क्षारांचा तो परिणाम. पाणी जड असेल तर महाग पत्ती घेण्याआधी पिण्याच्या पाण्याची सोय बघा.

भांड्यांवर फार बोलत नाही. स्टीलची जाळी खोल आणि कपाएवढी रुंद असल्याने पान मोकळं फुलतं, तळाशी चुरा जवळजवळ येत नाही, धुवायला सोपी. साखळीला लटकणारी चेंडूसारखी बंद जाळी दुकानात स्वस्त मिळते, ती घेऊ नका. पानाला उलगडायला जागाच राहत नाही. आणि जाळी नसली तरी थांबू नका. झाकणाचं छोटं पातेलं आणि घरचं गाळणं एवढ्यावर चहा तितकाच चांगला होतो. पातेल्यात मुरवायचा, गाळून कपात घ्यायचा. काचेची किटली दिसायला सुरेख, रंग उतरताना बघत बसावंसं वाटतं, पण पातळ काच लवकर थंड होते. आधी गरम पाण्याने विसळून घेतली तरच चहा शेवटपर्यंत गरम लागतो. पाहुण्यांसाठी ठीक आहे.

खरे पैसे वाचतात किंवा जातात ते साठवणीत. आमचं किराणा दुकान होतं, अण्णा सुटा चहा विकायचे. आतून चंदेरी कागद लावलेल्या प्लायवूडच्या खोक्यांतून तो यायचा. खोकं ठेवायची जागा ठरलेली: साबण, उदबत्ती, हिंग आणि मसाले यांच्यापासून दुकानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. नव्या पोऱ्याला अण्णा पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. चहाचं सुकं पान आसपासचा वास ओढून घेतं. मोगऱ्याचा चहा याच गुणावर करतात. चीनमध्ये हिरव्या चहाचे आणि फुलांचे थर लावून ठेवतात, वास पानात उतरला की फुलं काढून टाकतात. मोगऱ्याबाबत जे घडतं तेच कांदा-लसूण मसाल्याबाबत घडतं. आपल्या स्वयंपाकघरात वर्षाचा कांदा-लसूण मसाला भरलेल्या बरण्या असतात. ज्या फळीवर त्या, त्या फळीवर दार्जिलिंग ठेवू नका, बंद डब्यातही नको. त्यासाठी बाहेरच्या खोलीतल्या कपाटाचा एक कोपरा द्या.

वास, दमट हवा, उजेड आणि उष्णता यांपासून पान सांभाळायचं. काचेची बरणी खिडकीजवळ ठेवली की उजेडाने चव उतरते, हिरव्या चहाची तर फार लवकर. प्लॅस्टिकचा डबा आधीचा वास सोडत नाही. नेहमीच्या स्टीलच्या डब्याचं झाकण सैल असतं, पावसाळ्यात आत हवा खेळते. म्हणून हा दोन झाकणांचा पत्र्याचा डबा मला आवडला. 220 रुपयांना मिळाला, 100 ग्रॅम पत्ती गळ्यापर्यंत भरते, आतलं झाकण दाबलं की हवा बाहेर पडल्याचा आवाज येतो. नवा असताना त्याला पत्र्याचा वास होता. गरम पाण्याने धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, घरातली साधी चहा पावडर मूठभर आत ठेवून बंद केला. दोन-तीन दिवसांनी ती काढून टाकली तेव्हा वास गेला होता. ही पायरी चुकवू नका.

डबा मोठा आणि पत्ती थोडी असंही नको. रिकाम्या जागेतली हवा पानावर काम करत राहते. जास्त पत्ती आणली तर रोजच्यासाठी लहान डबा भरावा आणि उरलेली मूळ चंदेरी पाकिटातच, हवा दाबून काढून, घट्ट बंद ठेवावी. चमचा कोरडा. चहा उकळत असलेल्या पातेल्यावर धरून डबा उघडायचा नाही, वाफ सरळ आत जाते.

भावाने एक रास्त प्रश्न विचारला. “बेदाणा आपण कोल्ड स्टोरेजला ठेवतो, मग चहा फ्रिजमध्ये का नको?” बेदाण्यात सुमारे 15 टक्के ओलावा असतो आणि उष्णतेने तो काळा पडतो, त्याला थंडावा लागतो. चांगल्या वाळलेल्या चहात ओलावा जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास. फ्रिजमधून रोज काढून उघडला की बाहेरची दमट हवा थंड पानावर दव धरते, आणि आतल्या भाजी-लोणच्याचा वास वेगळाच. उघडलेला डबा खोलीतच बरा.

पान टिकलं आहे का हे तपासायला चिमूटभर पत्ती बोटांत चोळायची. कडकन मोडून चुरा झाला तर ठीक. वाकली, चिवट लागली तर ओल शिरली आहे. श्रावणातल्या सगळ्यात ओल्या आठवड्यातही माझ्या डब्यातली पत्ती कडकडीत होती. त्याच पत्तीतली थोडी साध्या स्टीलच्या डब्यात ठेवून पाहिली होती, ती दिवाळीपर्यंत चिवट झाली आणि द्राक्षाचा वास त्यातून पार गेला. डब्याचे 220 रुपये तिथेच वसूल झाले. असा सांभाळला तर दार्जिलिंगचा काळा चहा वर्षभर आनंदाने पिता येतो. हिरवा चहा मात्र सहा महिन्यांत संपवावा, आणि त्याला पाणीही 75 ते 80 अंशांचंच लागतं.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी 50 ग्रॅमच मागवावं, एकाच मळ्याचं, सेकंड फ्लशचं. ते करायला सोपं आहे, पाणी जरा जास्त गरम झालं तरी रागावत नाही. फर्स्ट फ्लश, म्हणजे मार्च-एप्रिलचं पान, अधिक नाजूक, हिरवट फुलांच्या वासाचं आणि महाग. त्याला 85 ते 90 अंश आणि तीन मिनिटांपुढे नाही. चैत्रात त्याचं पाकीट मागवणार आहे, याच व्यापाऱ्याकडून, पण खुडणीची तारीख आधी विचारून.