माहिती फुटली कंपनीची, १,०९,४९८ रुपये गेले माझे

आकडे आधीच लिहून टाकतो, म्हणजे "किती गेले हो?" हे पुन्हा कुणी विचारायला नको. ४१,५००, ४९,९९९ आणि १७,९९९. बेरीज १,०९,४९८. वार शुक्रवार, १३ जून २०२५, संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. ही वेळ आणि वार लक्षात ठेवा, पुढे सगळं भांडण त्यावरच आहे.

भामट्यांचा फोन कसा येतो, ते गोड कसं बोलतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. पण या माणसाकडे माझ्या दुचाकीच्या कर्जाचा खाते क्रमांक होता, हप्ता ३,८७० हे होतं, हप्त्याची ५ तारीख, उरलेले १४ हप्ते आणि गाडीचा नंबरही होता. "चौदा हप्त्यांचे ५४,१८० होतात, आज एकरकमी भरलात तर ४१,५०० मध्ये खातं बंद." हिशेब पैशाला पैसा बरोबर. ही माहिती मी आणि फायनान्स कंपनी सोडून तिसऱ्या कुणाकडे असायचं कारणच नव्हतं. हसायचं तर हसा, पण तुम्हीही "कोण बोलतंय?" विचारलं नसतं.

पण एक गोष्ट माझी मलाच माफ होत नाही. त्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन केला. स्कॅन केला की पिन टाकायच्या आधी पैसे कुणाला चाललेत त्याचं नाव दिसतं. तिथे कंपनीचं नाव नव्हतं, एका बाईचं नाव आणि आडनाव होतं. मी ते वाचलं. विचारलंसुद्धा! "वसुली अधिकाऱ्यांचं खातं आहे सर, ऑफर आठला बंद होते." आणि मी पिन टाकला. कर्जाचा पैसा कुणा व्यक्तीच्या खात्यात जात नसतो, एवढं मला कळत नव्हतं का? कळत होतं की. बारा हजार सहाशे ऐंशी रुपये वाचणार होते ना.

मग नाहरकत दाखल्यासाठी एपीके फाइल आली, म्हणजे फोनमध्ये परस्पर ॲप टाकायची फाइल. इन्स्टॉल करताना तिने एसएमएस वाचायची परवानगी घेतली आणि दाखल्याची फी म्हणून एक रुपया कार्डने भरायला लावला. कार्डचे आकडे मी त्या पानावर भरले. ओटीपी मात्र मी कुणालाही सांगितलेला नाही, तो ॲपनेच वाचून पुढे पाठवला. असली ॲप बँकेचे मेसेज दाबूनही टाकतात, ४९,९९९ गेल्याचं मला ईमेलवरून कळलं. म्हणून बँकेत ईमेल अलर्ट चालू करून घ्या, नुसत्या एसएमएसवर विसंबू नका.

९ वाजून १२ मिनिटांनी बँकेच्या नंबरवर तक्रार नोंदवून कार्ड बंद करायला सांगितलं आणि तक्रार क्रमांक घेतला. लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तरीही ९ वाजून २६ मिनिटांनी १७,९९९ ची आणखी एक खरेदी झाली.

सोमवारी, १६ तारखेला, अर्ज घेऊन शाखेत गेलो. साहेब बोटं मोजून म्हणाले, "तेरा, चौदा, पंधरा, सोळा. चार दिवस झाले." तेव्हा लागू असलेलं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काय सांगतं बघा. दिवस धरायचे ते तुमच्या शाखेच्या कामकाजाचे, आणि व्यवहाराची सूचना मिळाली तो दिवस सोडून. चौदाला दुसरा शनिवार, पंधराला रविवार. म्हणजे सोळा हा पहिला दिवस! शिवाय फोनवरची तक्रार त्याच रात्रीची आहेच. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,०००, किमान शिल्लक लागत नाही अशा मूलभूत बचत खात्याला ५,०००. त्यापुढे बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक डिसेंबर २०१७ चं होतं, तेव्हा "आमची सहकारी बँक आहे, आम्हाला लागू नाही" हे ऐकून घेऊ नका.

बँकेचं दुसरं हत्यार म्हणजे ग्राहकाचा निष्काळजीपणा. पिन, पासवर्ड, ओटीपी तुम्ही दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. ४१,५०० मी स्वतःच्या पिनने पाठवले, तिथे बँकेशी भांडण्यात अर्थ नाही, ते मी सोडून दिलं. ४९,९९९ चा वाद चालू आहे. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे, हे वाक्य अर्जात जसंच्या तसं घाला. आणि कळवल्यानंतरचं सगळं नुकसान बँकेचं. ९:१२ आणि ९:२६ या दोन वेळा एकाखाली एक लिहून दिल्या तेव्हा कुठे १७,९९९ परत आले, तेही ८ जुलैला. नियमाने दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरते का होईना जमा व्हायला हवे होते. फोन केल्याची वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट नसता तर तेही गेलेच होते.

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात कानडीत "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी, हे सायबरवाल्यांचं काम. तिथे गेलो तर, सिम गडहिंग्लजचं आहे, महाराष्ट्रात तक्रार द्या! खातं बेळगावात, गाडी बेळगावात, राहतो बेळगावात, आणि सिमवरून मला चंदगड ओलांडायला सांगतात. सीमेवरच्या माणसाला दोन्ही सरकारं दुसरीकडे बोट दाखवतात, हे काही आजचं नाही म्हणा. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवलं तरी चालतं. तिथेही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट. १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर केलेली तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, दोन्ही वेगळ्या. एफआयआर कन्नडमध्ये असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, माझ्या पहिल्या मसुद्यात ४१,५०० चे ४,१५० झाले होते. प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

कंपनीचं काय? रविवारी मेल चाळताना प्रमोशन्सच्या कप्प्यात २४ मेचं पत्र सापडलं. काही ग्राहकांची माहिती अनधिकृतपणे पाहिली गेली असण्याची शक्यता आहे, मात्र आपली आर्थिक माहिती सुरक्षित आहे. कर्जाचा हप्ता ही आर्थिक माहिती नाही तर काय, पंचांग? चोर नेमकं काय काय बोलला ते त्याच रात्री कागदावर उतरवा. माहिती तिथूनच फुटली याचा तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा: माझी कोणती माहिती गेली, कोणत्या तारखेला, तुम्हाला कधी कळलं? मला आलेलं उत्तर दोन ओळींचं आहे, पण तारीख कबूल केलीय. मला तेवढीच हवी होती.

नवा माहिती संरक्षण कायदा आला की भरपाई मिळेल, असं काही जण सांगतात. २०२३ च्या त्या कायद्यात सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारच्या संचित निधीत जातो. ज्याची माहिती गेली त्याला छदाम नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर ग्राहकालाच १०,००० पर्यंत दंड! नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी लागू होणार. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ वगळायची तरतूदही त्याच कायद्यात आहे. ४३अ खाली निष्काळजी कंपनीकडून थेट भरपाई मागता येते, पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांसमोर चालतात. आमच्यासाठी म्हणजे बंगळूर. दाव्यानुसार फी भरा, खेपा घाला.

त्यापेक्षा जिल्हा ग्राहक आयोग बरा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असो की चेन्नईत. मुदत दोन वर्षं. फी कर्जाच्या रकमेवर नाही, तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरते, आणि पाच लाखांपर्यंत शून्य. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, असं कलम २(४७) म्हणतं. कंपनी म्हणणार, आम्ही दिली नाही, चोरीला गेली. म्हणून सेवेतली त्रुटी हा मुद्दा आधी मांडा, २(४७) त्याच्या जोडीला. एकाच गळतीत सापडलेले पुष्कळ जण असतील तर कलम ३५(१)(क) खाली आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकच तक्रार करता येते. निपाणी, खानापूरकडे याच कंपनीचे हप्ते भरणारे किती निघतील, बघा की.

क्रम मात्र चुकवू नका. बँकेविरुद्ध आधी बँकेत लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार फुकट, १४४४८ वर मराठीतही बोलतात. तोच विषय आधी आयोगात नेलात तर लोकपाल तक्रार घेत नाही. मी बँक लोकपालाकडे आणि कंपनी आयोगात, असे दोन वेगळे कागद केले. एकाच अर्जात दोघांना गुंफलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे.

आणि आपल्याकडे जी बहुराज्य सोसायट्यांची, सौहार्द (म्हणजे कर्नाटकाच्या वेगळ्या कायद्याखालच्या सहकारी) संस्थांची दुकानं गल्लोगल्ली आहेत, तिथली माहिती फुटली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल उपयोगाचा नाही. बहुराज्य संस्थेसाठी २०२३ च्या दुरुस्तीने वेगळा सहकार लोकपाल आणलाय, सौहार्दसाठी कर्नाटकाचं सहकार खातं.

पॅनची प्रत गेली असेल तर क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांचा उतारा, काढा; तो बनवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक फुकट मिळतो. तुमच्या नावावर परकं कर्ज दिसलं तर तक्रार करा, ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. आणि "पैसे परत मिळवून देतो, फी ५,०००" म्हणणारा फोन तक्रारीनंतर आठवड्यात येतो. मला दोन आले. दुसऱ्याला माझा एफआयआर क्रमांकसुद्धा माहीत होता.

४१,५०० पैकी ११,२०० त्या बाईच्या खात्यात १९३० मुळे गोठले आहेत. ते सोडवायला मला मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणायला सांगितलंय, नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ५०३ खाली अर्ज, आणि त्या अर्जाला तपास अधिकाऱ्याचं म्हणणं जोडायला सांगितलंय. ते म्हणणं मागायला मी चार वेळा गेलोय. अजून नाळे बर्री.