श्रवणकक्ष चांगला, चिठ्ठ्या मात्र पुन्हा लिहाव्यात

नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाने वरच्या मजल्यावर श्रवणकक्ष सुरू केला, त्याला या पावसाळ्यात वर्ष होईल. जगभरच्या संग्रहांनी सर्वांसाठी खुली केलेली चळवळींची आणि मुक्तिलढ्यांची रेडिओवरील ध्वनिमुद्रणे उतरवून घेऊन ती इथल्याच संगणकावर साठवली आहेत, त्यामुळे इंटरनेट गेले तरी ऐकणे थांबत नाही आणि इन्व्हर्टर असल्याने वीज गेली तरी तासभर निभावते. तासाला २० रुपये घेतात, सभासदांना निम्मे. खुर्च्या चार आणि हेडफोनही चार, पण त्यांतील एकाचा डावा कान मुका आहे. तो आपल्या वाट्याला एकदा आला की माणूस आपोआप लवकर यायला शिकतो. मे महिन्यातल्या दुपारी कूलरच्या घरघरीपुढे कोणत्याच हेडफोनचे काही चालत नाही, म्हणून उन्हाळ्यात सकाळची वेळ धरावी.

साठा मात्र या गैरसोयी विसरायला लावणारा आहे. मी सुरुवात दक्षिण आफ्रिकेपासून केली. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या ‘रेडिओ फ्रीडम’चे पहिले प्रक्षेपण २६ जून १९६३ रोजी झाले आणि त्यात तिचे भूमिगत असलेले नेते वॉल्टर सिसुलू बोलले, पुढे लुसाका, लुआंडा, दार-ए-सलाम अशा परदेशी शहरांमधून हे केंद्र बोलत राहिले आणि मायदेशात ते ऐकणे हाच गुन्हा ठरला होता. हे सारे वाचलेले होते. परंतु कार्यक्रमाच्या आरंभी मशीनगनचा कडकडाट होतो आणि त्यातून निवेदकाचा आवाज वर येतो, तेव्हा हेडफोन लावून बसलेल्या माणसाचाही हात नकळत आवाज कमी करायला जातो. शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून दार लावून, रेडिओला कान चिकटवून बसणारा तिकडचा श्रोता मला त्या एका हालचालीने जितका कळला, तितका पुस्तकातल्या कोणत्याही प्रकरणाने कळला नव्हता.

त्याच्या अगदी उलट प्रकृतीचे ध्वनिमुद्रण अल्काट्राझचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतील या बेटावरचा तुरुंग बंद पडल्यानंतर २० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेतील आदिवासी तरुणांनी त्याचा ताबा घेतला आणि ११ जून १९७१ पर्यंत तो टिकवला. डिसेंबर १९६९ पासून जॉन ट्रुडेल तिथून ‘रेडिओ फ्री अल्काट्राझ’ हा कार्यक्रम करीत आणि तो बर्कलीच्या केपीएफए या केंद्रावरून ऐकवला जाई. हे केंद्र १९४९ मध्ये सुरू झाले ते जाहिरातींवर नव्हे, तर श्रोत्यांच्या वर्गणीवर. घोषणांची अपेक्षा धरून बसणाऱ्याची इथे निराशा होईल, कारण ट्रुडेल पारावर बसल्यासारखे शांतपणे एकेका माणसाला बोलते करतात, आणि ते बोलणे जमिनीच्या हक्कापासून निघून बेटावरच्या रोजच्या राहण्यापर्यंत येते. धडगावकडचा एक महाविद्यालयीन मुलगा, ज्याच्या आजोळचे गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले आहे, माझ्या शेजारी बसून हे ऐकत होता. इंग्रजी त्याला अर्धेमुर्धेच समजत होते. हेडफोन काढून तो एवढेच म्हणाला, “सर, यांना बोलायची घाई नाही.” हे कार्यक्रम आवर्जून, सलग दोन तास ठेवूनच ऐकावेत.

तक्रार आहे ती चिठ्ठ्यांबद्दल. प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी कपाटात एक छापील चिठ्ठी ठेवलेली असते आणि ती पाहून आपण फाईल निवडतो. ‘काँग्रेस रेडिओ, १९४२, मूळ आवाज’ अशी चिठ्ठी पाहून मी किती उत्सुकतेने बसलो असेन, याची कल्पना करावी. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर सुरू झालेले, मुंबईत जागा बदलत बदलत चालवलेले आणि १२ नोव्हेंबरला उषा मेहता व त्यांचे सहकारी पकडले जाईपर्यंत टिकलेले ‘चले जाव’ चळवळीचे ते गुप्त केंद्र आपल्याला ऐकायला मिळणार, असे मला वाटले. प्रत्यक्षात उषाताईंचाच आवाज आला; पण तो संथ होता, वाक्ये भूतकाळातली होती आणि मधूनच कुणीतरी प्रश्न विचारत होते. ती केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राच्या संग्रहातील १९६९ची मुलाखत होती. मुलाखत मोलाची आहे, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु पोलीस दारावर येतील या भीतीने बोललेला आवाज आणि २७ वर्षांनी आठवून बोललेला आवाज यांना एकच चिठ्ठी लावणे म्हणजे बियाणे आणि सरकी एका पोत्यात भरण्यासारखे आहे.

ही चूक इथेच होते असे नाही. फ्रेंच सेनानी द गॉल यांनी १८ जून १९४० रोजी बीबीसीवरून फ्रेंच जनतेला केलेल्या आवाहनाचे ध्वनिमुद्रण उरलेलेच नाही. त्या नावाने बहुतेक ठिकाणी ऐकवले जाते ते २२ जूनचे भाषण. आमच्या कक्षातही तीच फाईल १८ जूनच्या नावाने आहे.

आणि नीट काम यांना येत नाही असेही नाही. गोव्याच्या भूमिगत रेडिओची चिठ्ठी नमुनेदार आहे. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून आधी आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून कोकणी व पोर्तुगीजमध्ये हे केंद्र डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चालवले, ही माहिती देऊन खाली स्पष्ट लिहिले आहे की सोबतचे ध्वनिमुद्रण ही लिबियाताईंची पुष्कळ नंतरची मुलाखत आहे. गांधीजी आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर गेले ते एकदाच, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांशी बोलण्यासाठी. तिथेही तारीख, स्थळ आणि प्रसंग अचूक आहे. (काँग्रेस रेडिओवर छापा पडला तीच तारीख, पाच वर्षांनी. हे चिठ्ठीत नाही, पण असायला हवे होते.)

कक्षाची दुसरी सेवा घरच्या कॅसेटी डिजिटल करून देण्याची आहे, एका कॅसेटला १५० रुपये. माझ्या आजोबांनी, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणत, ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डरसमोर बसून नंदुरबारचा ९ सप्टेंबर १९४२ अहिराणीत सांगितला होता. शिरीषकुमार आणि त्यांचे चार सवंगडी गोळीबारात गेले तो दिवस. कॅसेटीतली टेप दाबून धरणारी नमद्याची बारीक गादी गळून पडली होती, त्यामुळे आवाज विहिरीतून आल्यासारखा येई. ग्रंथपाल ताईंनी चारही कोपऱ्यांचे स्क्रू काढून, टेपला बोट न लावता, दोन्ही चकत्या नव्या कव्हरमध्ये बसवल्या. हे काम पाहण्यासारखे होते. मिळालेल्या फाईलमध्ये आप्पा अगदी समोर बसल्यासारखे ऐकू येतात.

फक्त एका ठिकाणी ते ऐकूच येत नाहीत. गोळीबाराचे सांगून झाल्यावर आप्पा बराच वेळ थांबतात आणि मग अगदी खालच्या आवाजात म्हणतात, “मी तठेज व्हतू.” आमच्या घरात हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. खरखर आणि मागची पिठाच्या गिरणीची पुकपुक काढून टाकताना यंत्राने तेही खरखर समजून पुसले होते. मी सांगितल्यावर ताईंनी टेप पुन्हा लावली आणि काहीही न गाळलेली प्रत काढून दिली; जादा पैसे घेतले नाहीत. कॅसेट देणाऱ्याने पहिल्या दिवशीच न गाळलेली प्रत मागावी, आणि वाचनालयाने ती न मागता द्यावी.

‘खान्देश’ या नावाच्या फोल्डरमध्ये सध्या सहाच फाईली आहेत आणि त्यांतील पाच पुण्यतिथीची भाषणे आहेत. १९३६चे काँग्रेसचे फैजपूरचे अधिवेशन, १९४४ची स्वातंत्र्यसैनिकांनी केलेली चिमठाण्याची खजिना-लूट, १९७२ पासूनची शहाद्याची आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना, आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या सभा, यांतील काहीही तिथे नाही. शहाद्याच्या सभांना गेलेली माणसे अजून बाजारात भेटतात, त्यांना या खोलीत आणून बसवायला रेकॉर्डर आणि एक रिक्षा पुरेशी आहे. मी हे ताईंना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, “नाना, कॅसेट तुम्हीच पहिली आणली.” आप्पांची न गाळलेली प्रत मी त्या फोल्डरसाठी देऊन आलो आहे आणि तिची चिठ्ठी स्वतः लिहिली आहे: सांगणारा कोण, केव्हाचे सांगतो, केव्हा सांगितले, गिरणीचा आवाज कशाचा.

गेल्या आठवड्यात पाहिले तर काँग्रेस रेडिओच्या चिठ्ठीवरचे ‘मूळ आवाज’ हे शब्द शाईने खोडून ‘मुलाखत, १९६९’ केलेले होते. द गॉल यांच्या चिठ्ठीवर अजून १८ जूनच आहे.