‘कायम फ्रिजमध्ये होते’ म्हणून विकले जाणारे रोल

कॅमेऱ्याच्या फिल्मचा मुदत संपलेला रोल तसं सांगून विकला तर आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती तारीख लपवून, ‘कायम फ्रिजमध्ये होते’ अशी खात्री देऊन लॉट गळ्यात मारणाऱ्यांबद्दल. बडोद्यात फाइन आर्ट्सची मुलं आणि घरातला जुना कॅमेरा पुन्हा चालू करणारे हौशी लोक यात हकनाक पैसे घालवत आहेत. आमच्या हातीही असाच एक लॉट आला, म्हणून हे सविस्तर.

३५ मिमीच्या रोलची तारीख खोक्यावर असते, कॅसेटवर सहसा नसते. खोकं फेकून नुसती डबी दिली की वयाचा पुरावाच गेला. या लॉटमधली बरीच कॅसेट अशीच सुटी होती. जी थोडी खोकी होती ती उजेडात तिरकी धरली तर तारखेच्या जागी पुठ्ठ्याची चकाकी गेलेली दिसत होती, म्हणजे शाई काहीतरी लावून पुसलेली. आयात मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते. तीही नसेल तर खोकं खाली ठेवा.

फ्रिजची थाप का चालते? कारण खरी साठवण रोलकडे पाहून कळत नाही. न वापरलेला रोल २१ अंशांखाली ठेवा असं कोडॅक सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. माळ्यावर काही उन्हाळे काढलेल्या रोलवर फॉग, म्हणजे करडं धुकं, चढतो. ‘दर दहा वर्षांना एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्या’ हा ठोकताळा बऱ्या ठेवलेल्या कलर निगेटिव्हपुरता आहे. एक्सपोजर वाढवून फॉग जात नाही, फक्त चित्र त्याच्या वर येतं. स्लाइड फिल्मवर (जिच्यावर थेट पारदर्शक चित्र उमटतं) तर जास्त प्रकाश दिला की हायलाइट, म्हणजे उजळ भाग, जळतात आणि काळा रंग मळकटच राहतो. ३२०० आयएसओचा, म्हणजे कमी प्रकाशातही चालणारा वेगवान, जुना रोल फ्रीझरमुळे नवाकोरा राहिला, हेही खोटं. नैसर्गिक किरणोत्सर्ग थंडीने अडत नाही आणि वेगवान फिल्मला तो सगळ्यात आधी बाधतो.

लॉट घेण्याआधी एक रोल विकत घेऊन तपासा. ब्लॅक अँड व्हाइट असेल तर चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) लीडरच्या, म्हणजे कॅसेटबाहेर आलेल्या टोकाच्या, आतला, उजेड न लागलेला दहा सेंमी तुकडा कापा. कोडॅकची ट्राय-एक्स ४०० असेल तर डी-७६ या डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या) स्टॉकमध्ये, म्हणजे आणखी पाणी न घालता, २० अंशांवर पावणेसात मिनिटं, मग फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुणं. ताज्या रोलच्या तशाच तुकड्याशेजारी ठेवला की करडेपणा लगेच दिसतो. कलर रोलवर एकच दृश्य बॉक्स स्पीडला (रोलवर छापलेल्या आयएसओला), मग एक, दोन, तीन स्टॉप जास्त देऊन काढा. एक फ्रेम लेन्सकॅप लावून घ्या आणि लॅबला द्या.

रोल खराब निघाला की विक्रेता हटकून लॅबवर ढकलतो. तेव्हा निगेटिव्हची कड पाहा. तिथली अक्षरं आणि आकडे कारखान्यातच एक्सपोज केलेले असतात. ती ठसठशीत आणि फ्रेम कोऱ्या, तर दोष कॅमेऱ्याचा. बेस (चित्राखालची पारदर्शक पट्टी) स्वच्छ पण अक्षरं फिकट, तर डेव्हलपर कमकुवत. अक्षरं करड्या धुक्यात बुडालेली असतील तर रोलच म्हातारा आहे. आमच्या लॉटमध्ये हे तिसरं चित्र होतं.

अशा लॉटमध्ये सिनेमाची फिल्म जुन्या कॅसेटमध्ये भरूनही येते. लीडरची पाठ डांबरासारखी काळी असेल आणि धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसल्यावर काळं सुटत असेल तर तो रेमजेट, म्हणजे सिनेमाच्या फिल्मच्या पाठीवरचा काळा थर. असा रोल सी-४१ (नेहमीच्या कलर निगेटिव्हची प्रक्रिया) करणाऱ्या लॅबला न सांगता दिला तर त्यांचं रसायनही बिघडतं. कोडाक्रोम ही कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म घेऊच नका. ती धुणाऱ्या, अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या शेवटच्या लॅबने २०१०अखेर रोल स्वीकारणं थांबवलं.

पैसे ऑनलाइन गेले आणि विक्रेता गायब झाला तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. सदोष मालासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यापुढे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि सगळं चॅट ठेवा. लॅबला निगेटिव्ह कापू नका म्हणून आधीच सांगा, आणि त्याच लॉटमधले दोन रोल न वापरता जपून ठेवा.