अमेरिकेत विद्यापीठाच्या संघातून खेळायचंय? सातव्या नंबरवर काढलेल्या वर्षाचा अनुभव

अमेरिकेत कॉलेज टेनिसची लढत अशी असते: आधी दुहेरीचे तीन सामने, त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येक विजयाला एक गुण. आधी चार गुणांवर पोचेल तो संघ जिंकला. म्हणजे एकेरीत उतरतात त्या सहाच मुली. मी डिव्हिजन एकमधल्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या स्तरातल्या, ज्या संघात आहे, त्यात वर्षभर मी सातवी होते. दुहेरीत अधूनमधून संधी मिळाली, एकेरीत कुणाला दुखापत झाली तरच. बाकी वेळ कोर्टाच्या कडेला उभं राहून मैत्रिणींच्या नावाने ओरडायचं.

विद्यापीठाचं नाव मी देत नाही. प्रवेश ठरवताना काय तपासलं, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय वाया गेलं, एवढंच सांगायचंय. वर्षभरानंतर माझं मत पक्कं झालंय की संघ निवडताना तिथल्या सातव्या-आठव्या नंबरच्या खेळाडूचं काय होतं ते आधी बघावं. पहिल्या नंबरच्या मुलीला सगळीकडेच जपतात. आणि आपल्याकडून जाणारे बहुतेक जण पहिल्या वर्षी मधे किंवा खालीच असतात. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत २०१८ आणि २०२२ मध्ये विजेता ठरला. दोघांचाही मला मनापासून अभिमान आहे, पण त्यांच्याकडे बघून आपलं चार वर्षांचं गणित मांडता येत नाही.

सुविधांबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यांचे व्हिडिओ सुंदरच असतात. टेनिसपुरता कामाचा प्रश्न एकच: छताखालची कोर्ट किती आहेत आणि ती आणखी कोण वापरतं? मुख्य हंगाम जानेवारीत सुरू होतो. उत्तरेकडच्या राज्यांत तेव्हा बाहेर खेळणं अशक्य असतं. तीच कोर्ट पुरुष संघ आणि बाहेरचे सभासदही वापरत असतील, तर सरावाची वेळ सकाळी सहाची तरी असते, नाहीतर रात्रीची.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. संघात आलेल्या मुली शेवटपर्यंत टिकतात का?

यासाठी अधिकृत आकडे मिळतात. एनसीएए प्रत्येक संघाचा एपीआर जाहीर करते. शिष्यवृत्ती असलेल्या प्रत्येक खेळाडूला दर सत्रात अभ्यासाच्या अटींत पात्र राहिल्याबद्दल एक आणि विद्यापीठात टिकल्याबद्दल एक असे गुण असतात, ते १००० च्या मापावर मांडतात. ९३० च्या खाली घसरलेल्या संघाला हंगामानंतरच्या स्पर्धांना मुकावं लागू शकतं. दुसरा आकडा जीएसआर, म्हणजे किती जणांनी पदवी पूर्ण केली त्याचं प्रमाण. दोन्ही आकडे बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. अभ्यासात ठीक असलेली खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात गेली तर जीएसआरच्या हिशेबातून ती वगळली जाते. पुरेसे ग्रेड असताना बदली घेतली तर एपीआरमध्येही संघाचा टिकण्याचा गुण जात नाही. म्हणजे एखाद्या संघातून दरवर्षी तीन-तीन मुली कंटाळून निघून जात असल्या, तरी कागदावर तो संघ उत्तम दिसू शकतो.

म्हणून हा हिशेब स्वतःच करायचा. प्रत्येक संघाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे रोस्टर, म्हणजे खेळाडूंच्या याद्या, असतात. चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षात आलेल्या मुलींची नावं लिहून घ्या आणि एकेक वर्ष पुढे या. कोण शेवटच्या वर्षापर्यंत दिसते, कोण मधेच गायब होते? गायब झालेली कुठे गेली हेही शोधा. एप्रिल २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा बदली घेऊन लगेच खेळता येतं. त्यामुळे नुसतं सोडून जाणं ही तक्रार धरू नये. मोठ्या संघात गेली असेल तर इथे तिचा खेळ सुधारला असं समजा. पण खालच्या नंबरच्या मुली एकामागून एक लहान संघांत जात असतील, किंवा त्याच विद्यापीठात राहून खेळणंच सोडत असतील, तर काहीतरी बिघडलंय.

त्याच पानांवर प्रत्येक लढतीचे निकालही असतात. पाचव्या-सहाव्या जागी वर्षभरात किती वेगवेगळी नावं आली ते पाहा. आमच्याकडे बरीच आली, आणि मी हा संघ निवडण्याचं ते एक मोठं कारण होतं. दुसऱ्या एका संघात सलग दोन हंगाम त्याच सहा मुली उतरलेल्या दिसल्या. त्या संघाचं मानांकन आमच्यापेक्षा बरंच वर होतं.

जमलं तर सोडून गेलेल्या मुलींशी बोला. कोच ज्यांच्याशी बोलणं घडवून देतात त्या चांगलंच बोलतात, आणि त्या खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण एका विद्यापीठाबद्दल मला खरं चित्र मिळालं ते तिथून बदली घेतलेल्या मुलीकडून. मी इन्स्टाग्रामवर निरोप पाठवला आणि तिने तासभर वेळ दिला. जखमी असताना तिला परगावच्या सामन्यांना नेणं बंद झालं होतं, आणि नंतर सरावाच्या वेळाही कुणी कळवेनासं झालं. शिष्यवृत्ती चालू होती, नियम कुठलाच मोडला नव्हता. ते विद्यापीठ मी यादीतून काढलं.

आता वेळेबद्दल. हंगामात खेळाला आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४ तास आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी, हा नियम प्रत्येक कोच सांगतात आणि तो खरा आहे. पण या २० तासांत काय मोजत नाहीत ते विचारा. प्रवास मोजत नाहीत. ट्रेनरकडे घोट्याला पट्टी बांधून घेण्यात किंवा बर्फात पाय बुडवून बसण्यात जाणारा वेळ मोजत नाहीत. ‘ऐच्छिक’ सराव मोजत नाहीत. सामन्याचा अख्खा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच धरतात. शुक्रवार ते रविवार परगावी दोन लढती असल्या की माझा आठवडा एखाद्या पूर्णवेळ नोकरीइतका भरतो, आणि कागदावर सगळं नियमात असतं. हे मला मान्य आहे, मला खेळायचंच होतं. फक्त घरी बसून ‘२० तास म्हणजे दिवसाला तीनेक’ असा हिशेब करू नका.

याचा थेट संबंध तुम्ही काय शिकणार याच्याशी येतो, आणि पालक हा मुद्दा हमखास सोडून देतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांना इंजिनिअरिंग किंवा विज्ञान घ्यायचं असतं. त्यात दुपारच्या प्रयोगशाळा असतात आणि सरावही दुपारीच असतो. मी कोचना सरळ विचारलं होतं, तुमच्या संघात सध्या प्रयोगशाळा असलेला विषय कोण शिकतंय? त्यांनी दोन मुलींची नावं सांगितली, त्यांचं वेळापत्रक कसं बसवलं तेही सांगितलं. दुसऱ्या एका कोचचं उत्तर होतं, ‘आमच्या बहुतेक मुली तसे विषय घेत नाहीत.’ प्रामाणिक उत्तर होतं आणि माझ्या कामाचं होतं. खेळाडूंना विषयनोंदणी इतरांच्या आधी करायला मिळते का, हेही विचारा. ती सोय नसेल तर सकाळचे वर्ग हाताला लागत नाहीत.

डिव्हिजन एकमध्ये दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पदवीचा ४० टक्के भाग, तिसऱ्याच्या ६० आणि चौथ्याच्या ८० टक्के पूर्ण असावा लागतो. मधेच विषय बदलला तर जुने क्रेडिट नव्या पदवीत धरले जातीलच असं नाही, आणि अभ्यास उत्तम चालू असलेली मुलगीसुद्धा खेळायला अपात्र ठरू शकते. त्यामुळे पहिल्याच वर्षी अभ्यासाच्या सल्लागाराशी ओळख वाढवा. आमच्या सल्लागार बाईंनी माझी चार वर्षांची आखणी पहिल्याच महिन्यात करून घेतली. संघाच्या सगळ्या व्यवस्थेतली मला सगळ्यात आवडलेली व्यक्ती विचाराल तर मी त्यांचंच नाव घेईन.

कोचबद्दल एक गोष्ट आवर्जून तपासा: लाइनअप कसा ठरतो? नियमाप्रमाणे खेळाडू ताकदीच्या क्रमानेच लावायचे असतात, पण ताकद ठरवायची कशी हे कोचच्या हातात असतं. काही ठिकाणी संघातल्या मुलींचे आपसात सामने लावतात, काही ठिकाणी शरद हंगामातल्या स्पर्धांचे निकाल बघतात, काही ठिकाणी कोचच्या मनात जे असेल ते. आमच्याकडे पहिल्या दोन्ही गोष्टी धरतात आणि कारण तोंडावर सांगतात. मी सातवी का, हे मला प्रत्येक वेळी माहीत होतं: दुसरी सर्व्हिस मऊ पडते, आणि डावखुऱ्या खेळाडूविरुद्ध बॅकहँड कोलमडतो. न खेळण्याचं दुःख त्याने जात नाही. पण सकाळी काय करायला उठायचं ते कळतं.

दुखापतीच्या बाबतीत मी चांगलं बोलू शकते. फेब्रुवारीत मनगट दुखायला लागलं. अ‍ॅथलेटिक ट्रेनरने खेळणं थांबवलं आणि कोचने एका शब्दानेही घाई केली नाही. डिव्हिजन एकच्या नियमांनुसार खेळाडू कोर्टवर केव्हा परतेल याचा निर्णय वैद्यकीय चमूचाच असतो. नियम सगळीकडे सारखा, पाळण्याची पद्धत मात्र वेगवेगळी. एक ट्रेनर किती संघ सांभाळतो, परगावच्या सामन्यांना सोबत येतो का, हे विचारा. ऑगस्ट २०२४ पासून खेळातल्या दुखापतीच्या उपचारांचा खर्च खेळणं संपल्यावरही किमान दोन वर्षं विद्यापीठाने द्यायचा आहे. हे माझ्या आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा निर्धास्त झाली.

पैशांचं चित्र सध्या झपाट्याने बदलतंय. ६ जून २०२५ ला ‘हाऊस’ नावाच्या, कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाची अंतिम मंजुरी मिळाली. २०२५-२६ मध्ये एक विद्यापीठ खेळाडूंना थेट २.०५ कोटी डॉलरपर्यंत वाटू शकतं, असं त्यात ठरलं. हा पैसा बहुतांशी अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि तो उभा करताना लहान खेळांच्या अंदाजपत्रकावर ताण येतो. ज्या विद्यापीठांनी ही तडजोड स्वीकारली, तिथे शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची जुनी मर्यादा गेली आणि संघात किती खेळाडू असावेत यावर मर्यादा आली. टेनिससाठी ती १० आहे. म्हणजे नवव्या-दहाव्या जागेलाही आता किंमत आहे, आणि शिष्यवृत्तीशिवाय नुसतं संघात राहू देण्याइतकी ऐसपैस जागा उरलेली नाही. विद्यापीठ तडजोडीत आहे की बाहेर, हा पहिल्याच फोनवर विचारायचा प्रश्न आहे.

संघ चार वर्षं टिकेल का, हाही प्रश्न विचारायला लाजू नका. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने जुलै २०२० मध्ये ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याची घोषणा केली होती. माजी खेळाडूंनी लढा दिला आणि मे २०२१ मध्ये ती मागे घेतली गेली. सगळ्यांच्या पाठीशी असे माजी खेळाडू नसतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर ईएडीए या नावाने प्रत्येक विद्यापीठाचा खेळांवरचा खर्च संघवार बघता येतो. सलग काही वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. खर्च घटत चालला असेल तर कोचना कारण विचारा. महिला आणि पुरुष संघांचे आकडेही तिथेच शेजारी दिसतात. १९७२ च्या टायटल नाईन कायद्यामुळे मुलींना समान संधी मिळायलाच हवी, ती कितपत मिळते याचा अंदाज तिथे येतो.

डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, गरजेनुसार किंवा गुणवत्तेवर मिळते. तरी आपल्या मुलांनी ती विद्यापीठं नुसतं नाव ऐकून नाकारू नयेत. तिथे खेळणारी माझी एक मैत्रीण चौथ्या नंबरवर प्रत्येक लढत खेळते, जीवशास्त्र शिकते आणि एक सत्र परदेशात शिकायला जाणार आहे. माझ्या वेळापत्रकात ते बसत नाही.

भारतातून येणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. बारावीनंतर एखादं वर्ष फक्त स्पर्धा खेळायचा विचार असेल तर आधी नियम वाचा. मी आले तेव्हा टेनिसमध्ये शाळा संपल्यावर सहा महिन्यांत प्रवेश घ्यावा लागत होता. त्यानंतरही स्पर्धा खेळत राहिलं तर कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या हंगामांतला एक जायचा. नववीपासूनच्या गुणपत्रिका जपून ठेवा. डिव्हिजन एकसाठी १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. एनसीएएची एसएटीची अट जानेवारी २०२३ मध्ये गेली, पण विद्यापीठाची स्वतःची असू शकते. आणि ‘पूर्ण’ शिष्यवृत्ती ऐकून निश्चिंत होऊ नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर राहण्या-जेवण्याच्या रकमेवर १४ टक्के कर कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर त्यातला काही परत मिळू शकतो, पण वर्षाच्या सुरुवातीला तेवढे पैसे हाताशी लागतात.

अमुक विद्यापीठाकडून खेळणार हे पक्कं करणारं पूर्वीचं सहीपत्र, नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता सही करायची ती थेट शिष्यवृत्तीच्या करारावर. तो एक वर्षाचा आहे की चार, उन्हाळी सत्राची फी त्यात आहे का, आणि कोच बदलले तर काय, या तिन्हींची उत्तरं मी ईमेलवर लेखी मागितली होती. दोन विद्यापीठांनी उत्तरच दिलं नाही. माझ्या सध्याच्या कोचनी त्याच संध्याकाळी दिलं, मुद्देसूद, आणि करारावर सही करण्याआधी आई-बाबांशीही बोलायला तयार आहोत असं शेवटी लिहिलं. पुढच्या हंगामात मी याच संघात आहे.