नेटवर्कमॅनेजर : चिन्ह मुके, टर्मिनल बोलके

लिनक्सच्या डेस्कटॉपवर घड्याळाशेजारी दिसणारे वायफायचे छोटे चिन्ह ज्या सॉफ्टवेअरच्या वतीने तेथे उभे असते, त्या, संगणकाच्या नेटवर्क जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही, कारण जोडणी सुरळीत असेपर्यंत तो आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. रेड हॅटने २००४ मध्ये सुरू केलेल्या या मुक्त प्रकल्पाची १.० ही आवृत्ती यायला २०१४ चा डिसेंबर उजाडला. आज मात्र उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट अशा बहुतेक वितरणांच्या (लिनक्सच्या तयार संचांच्या) डेस्कटॉपवर तो आधीपासूनच बसवलेला मिळतो. दाम मोजावा लागत नाही आणि निवडही करावी लागत नाही, तेव्हा येथे प्रश्न एकच घेतला आहे : केबल लावूनही किंवा वायफाय जोडूनही इंटरनेट चालत नाही, अशा वेळी दोष शोधण्यासाठी हे सॉफ्टवेअर किती उपयोगी पडते? माझे मत असे की ते फार उपयोगी पडते, परंतु आपल्याजवळचे नेमके ज्ञान ते चिन्हाच्या मागे दडवून ठेवते आणि विचारल्याशिवाय बाहेर काढत नाही.

चिन्हाबद्दलची तक्रार आधी नोंदवतो. जोडणी फसली की जीनोम या डेस्कटॉपच्या पडद्यावर ‘कनेक्शन फेल्ड’ एवढीच सूचना झळकून जाते. पासवर्ड चुकला, रूटरने संगणकाला जाळ्यातला पत्ता दिला नाही की ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) मध्येच गप्प झाला, यातले काय घडले हे त्यावरून कळत नाही. पासवर्डची चौकट पुन्हा उघडली म्हणजे पासवर्डच चुकला असेल, असे समजण्यातही अर्थ नसतो. सिग्नल क्षीण असल्यामुळे रूटरशी सुरुवातीची देवाणघेवाण अर्धवट राहिली, तरीही तीच चौकट पुढे येते. बरोबर असलेला पासवर्ड चार-चार वेळा टंकणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यात त्यांचा दोष नाही.

खरे उत्तर मिळते ते टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, एनएमसीएलआय (nmcli) या आज्ञेतून. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस शो’ असे विचारले की प्रत्येक नेटवर्क उपकरणासमोर त्याची अवस्था आकड्यासह लिहून येते, आणि हे आकडे म्हणजेच या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोलाचा भाग आहे. १० म्हणजे उपकरण नेटवर्कमॅनेजरच्या ताब्यातच नाही, २० म्हणजे ते वापरण्याजोगे नाही, ३० म्हणजे सज्ज आहे पण जोडलेले नाही, ६० म्हणजे ओळख पटवण्यासाठी पासवर्डसारखी माहिती हवी आहे, ७० म्हणजे रूटरकडून पत्ता येण्याची वाट पाहणे चालू आहे आणि १०० म्हणजे जोडणी पूर्ण. जोडणी कोणत्या पायरीवर अडली हे एकदा समजले की निम्मे काम झाले, कारण प्रत्येक पायरीवरचे संशयित वेगळे असतात.

लॅनच्या, म्हणजे केबलच्या जोडणीच्या, बाबतीत २० हा आकडा दिसला तर सेटिंग उघडण्याची गरजच नाही. केबलमधून सिग्नल येत नाही एवढाच त्याचा अर्थ. केबलचे दुसरे टोक, स्विचचे पोर्ट आणि तेथला लुकलुकणारा दिवा पाहावा. वायफायच्या बाबतीत हाच आकडा बहुधा रेडिओ बंद असल्याचे सांगतो, आणि ‘आरएफकिल लिस्ट’ या आज्ञेने विचारल्यावर तो सॉफ्टवेअरने बंद केला आहे की लॅपटॉपवरच्या खऱ्या बटणाने, हे स्पष्ट होते. पहिला प्रकार आज्ञेने सुटतो; दुसऱ्यासाठी बटणच हलवावे लागते, आणि काही जुन्या लॅपटॉपांत हे बटण कडेला अशा जागी असते की पिशवीतून काढता-घालताना ते आपोआप सरकते.

केबलच्या बाबतीत या सॉफ्टवेअरची आणखी एक सोय फारशी कोणाला ठाऊक नसते. उपकरणाच्या क्षमतांची माहिती मागितली की जोडणीचा वेगही दिसतो. रूटर आणि संगणक दोन्ही गिगाबिटचे असताना तेथे १००० ऐवजी १०० मेगाबिट दिसले, तर केबलकडे संशयाने पाहावे : गिगाबिटसाठी तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी तार कनेक्टरमध्ये नीट दाबली गेली नसेल तर जोडणी तुटत नाही, निमूटपणे मंदावते. तक्रार ‘नेट स्लो आहे’ अशी येते, प्लॅन बदलला जातो, रूटर बदलला जातो आणि खराब क्रिम्प केलेला कनेक्टर जागेवरच राहतो.

नेटवर्कमॅनेजर पूर्णपणे हतबल ठरतो ते उपकरण यादीतच नसते तेव्हा. वायफाय कार्डाचे फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) मिळाले नाही किंवा त्याच्यासाठी ड्रायव्हरच नसला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते उपकरण पुढे करत नाही, आणि जे पुढे आलेच नाही त्याविषयी नेटवर्कमॅनेजर अवाक्षर काढत नाही. ‘संगणकात वायफाय कार्ड दिसते, पण त्याला ड्रायव्हर लागलेला नाही’ एवढे वाक्य दाखवणे अवघड नसावे. तरीही वापरणाऱ्याला ‘एलएसपीसीआय’ (lspci, कार्डांची यादी) आणि ‘डीमेसेज’ (dmesg, कर्नलच्या नोंदी) या आज्ञांकडे जावेच लागते. ब्रॉडकॉमची काही कार्डे आणि रिअलटेकच्या चिपचे स्वस्त यूएसबी अडॅप्टर यांची या बाबतीत जुनी ख्याती आहे. काही रिअलटेक अडॅप्टर तर लावल्याबरोबर विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी असल्याचे सोंग घेतात आणि ‘यूएसबी मोडस्विच’ या साधनाने जागे केल्यावरच वायफायसारखे वागतात. डेबियनने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून मुक्त नसलेले फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केल्यापासून हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. तरीही ड्रायव्हर उतरवायला नेट हवे आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, असा पेच पडलाच तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे नेट संगणकाला देणे) चालू करावे. लिनक्सला तो फोन लॅन कार्डासारखा दिसतो आणि नेटवर्कमॅनेजर बहुधा काही न विचारता त्यावरून जोडणी करून देतो. या एका गोष्टीसाठी मी त्याचे अनेक अपराध पोटात घालायला तयार आहे.

१० या आकड्याचे खापर मात्र वितरणांवर फुटायला हवे. उबुंटूमध्ये एक फाइल अशी असते की जी वायफाय आणि मोबाइल डेटा वगळून बाकी सगळी उपकरणे नेटवर्कमॅनेजरच्या ताब्याबाहेर ठेवते. डेस्कटॉप नीट बसवला असेल तर नेटप्लॅन हे उबुंटूचे नेटवर्क-मांडणीचे साधन ती मर्यादा उठवते. परंतु सर्व्हर आवृत्तीवर नंतर डेस्कटॉप चढवला, तर वायफाय चालते, केबल मात्र ‘अनमॅनेज्ड’ (ताब्याबाहेर) राहते. डेबियनमध्ये ‘इंटरफेसेस’ या जुन्या फाइलीत उपकरणाचे नाव असेल तर हेच घडते. उपाय दोन ओळींचा आहे, पण तो कोठे करायचा हे पडद्यावर कोठेही सुचवलेले नसते.

६० वर अडकलेल्या जोडणीसाठी नोंदवही पाहणे हाच राजमार्ग. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेतून नेटवर्कमॅनेजर आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट (वायफायची ओळख पटवणारा त्याचा सहायक) यांच्या नोंदी एकत्र वाचल्या की रूटरशी होणाऱ्या चार टप्प्यांच्या हस्तांदोलनात (पासवर्ड पडताळणीत) बिघाड झाला का आणि पासवर्डवर संशय आहे का, हे तेथे लिहिलेले सापडते. पासवर्ड निर्विवाद बरोबर असेल आणि रूटर डब्ल्यूपीए-२ व डब्ल्यूपीए-३ (वायफाय सुरक्षेचे जुने व नवे प्रकार) असे मिश्र ठेवलेले असेल, तर जुन्या कार्डासाठी ते केवळ डब्ल्यूपीए-२ करून पाहावे. जाळ्याचे नाव यादीतच येत नसेल तर प्रश्न निराळा असतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १३ व्या चॅनेलपर्यंत परवानगी आहे, परंतु कार्डाने आपला देश अमेरिका धरला असेल तर ते ११ व्या चॅनेलपुढे जात नाही, आणि १२ किंवा १३ वर बसलेला शेजारच्या खोलीतला रूटर फोनला दिसतो, लॅपटॉपला दिसत नाही.

७० ही सर्वांत फसवी पायरी आहे, कारण येथवर येईपर्यंत पासवर्ड मान्य झालेला असतो, सिग्नल भरलेला असतो आणि तरीही चिन्ह गोल फिरत राहते. डीएचसीपीच्या, म्हणजे रूटरच्या पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या, उत्तरासाठी नेटवर्कमॅनेजर मुळात ४५ सेकंद थांबतो आणि मग पत्ता मिळू शकला नाही असे सांगून हात टेकतो. रूटरकडचे पत्ते संपलेले असणे, केबल भलत्याच स्विचला लागलेली असणे, अशी कारणे यामागे असतात. याशिवाय एक नवे कारण आहे. अनेक वसतिगृहांत आणि कार्यालयांत यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) नोंदवून घेतात आणि नोंद नसलेल्या यंत्राला पत्ता देत नाहीत. फेडोराने २०२४ च्या ४० व्या आवृत्तीपासून खासगीपणासाठी प्रत्येक वायफाय जाळ्याला निराळा, पण त्या जाळ्यापुरता स्थिर असा बनावट मॅक पत्ता दाखवायला सुरुवात केली. उद्देश चांगला आहे. परंतु आवृत्ती बदलल्यावर नोंदवलेला लॅपटॉप एकाएकी परका ठरतो आणि प्रशासक व विद्यार्थी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. त्या एका जाळ्यापुरता मूळ मॅक पत्ता वापरण्याची सोय जोडणीच्या सेटिंगमध्ये आहे.

आकडा १०० दाखवतो आणि पाने उघडत नाहीत, तेव्हा या सॉफ्टवेअरची हुशारी दिसते. ते ठरावीक पत्त्यावर एक छोटी विनंती पाठवून इंटरनेट खरोखर पोहोचते का, हे मुळात दर ३०० सेकंदांनी तपासते आणि उत्तर पूर्ण, मर्यादित, लॉगिन पान आडवे आले आहे, किंवा काहीच नाही, अशा शब्दांत देते. डेबियनमध्ये ही तपासणी वेगळे पॅकेज बसवल्याशिवाय चालू होत नाही. ती चालू असेल तर मार्गांच्या कोष्टकात (वाहतूक कोणत्या जोडणीवरून न्यायची याच्या यादीत) एक मजेदार खूण सापडते. लॅनच्या मार्गाला एरवी १०० आणि वायफायला ६०० असा क्रम मिळतो. आकडा जितका लहान तितका मार्ग आधी वापरला जातो. केबलवर इंटरनेट पोहोचत नाही असे आढळले की तिच्या आकड्यात २०,००० मिळवले जातात आणि वाहतूक वायफायकडे वळते. ते कोष्टक दाखवणाऱ्या ‘आयपी रूट’ या आज्ञेत २०१०० दिसले की समजावे, केबल जोडलेली आहे, पण नेटवर्कमॅनेजरचा तिच्यावरचा विश्वास उडाला आहे. अशी शहाणी तजवीज केलेली असताना तिची एका वाक्याची सूचना पडद्यावर का देऊ नये, हे मला आजवर उमगलेले नाही.

आकड्याचा पत्ता पिंगला (पोहोच तपासणाऱ्या आज्ञेला) उत्तर देतो आणि नावाचा देत नाही, तर बिघाड डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेत, आहे हे उघड होते. येथे नेटवर्कमॅनेजर आणि सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड (संगणकावरचीच नावे शोधणारी सेवा) यांच्यात जबाबदारी विभागलेली असल्यामुळे ‘रिझॉल्व्ह’ फाइलीत १२७.०.०.५३ हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता पाहून गोंधळायला होते. खरा डीएनएस सर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल’ ही आज्ञा सांगते. ती फाइल हाताने बदलण्याचा मोह आवरावा. बदल टिकत नाही.

वायफाय दर काही मिनिटांनी अडखळत असेल तर वीजबचतीकडे पाहावे. उबुंटू वायफायची वीजबचत स्वतःहून चालू ठेवतो आणि काही कार्डांना ती मानवत नाही. संबंधित फाइलीतला ३ हा आकडा २ केला की ती बंद होते. आकड्यांऐवजी चालू-बंदचे बटण सेटिंगच्या खिडकीत दिले असते तर बिघडले नसते.

पर्यायांपैकी सिस्टिमडी-नेटवर्कडी हा दुसरा जोडणी-व्यवस्थापक सर्व्हरसाठी अधिक सुटसुटीत आहे आणि एकाच जागी केबलला बांधलेल्या यंत्रावर मी तोच ठेवीन. जाळी बदलत फिरणाऱ्या लॅपटॉपवर मात्र नेटवर्कमॅनेजरच असावा. ज्यांना आज्ञा टंकण्याचे वावडे आहे त्यांच्यासाठी एनएमटीयूआय ही टर्मिनलमध्येच उघडणारी, बाणांच्या कळांनी चालणारी खिडकी आहे. तिच्यात जोडणी तयार करणे, बदलणे सोपे जाते, पण अवस्थेचे ते आकडे तीही दाखवत नाही.