कोथरूडमध्ये मेट्रोलगतचा भाड्याचा फ्लॅट, गाडीशिवाय: पावसाळ्यासकट वापरून

पुण्यात कोथरूडमधल्या वनाजपासून रामवाडीपर्यंतचा मेट्रोमार्ग मार्च 2024 मध्ये पूर्ण झाला आणि येरवडा-कल्याणीनगरला नोकरी असणाऱ्यांना कोथरूडात गाडीशिवाय राहणे जमू लागले. तिकीट परवडते, वेळही सांभाळला जातो. खरी अडचण स्टेशनवर उतरल्यावर सुरू होते.

जाहिरातीतली ‘मेट्रोपासून 5 मिनिटे’ बहुधा दुचाकीवरची असतात. रात्री नऊनंतर एकदा तो रस्ता स्वतः चालून बघावा: दिवे लागतात का, दुकाने मिटल्यावर वर्दळ उरते का, पाणी कुठे साचते, कुत्री कुठे बसतात. अंतर किलोमीटरभर असेल तर पावसात रिक्षा लागणारच. किमान भाडे 25 धरले तरी येऊन-जाऊन 50, महिन्याच्या 25 दिवसांचे 1,250. म्हणजे आतल्या गल्लीतला महिना हजार रुपयांनी स्वस्त फ्लॅट पावसाळ्यात तरी महागच पडला. शिवाय एवढ्याशा अंतराला रिक्षावाला ‘हो’ म्हणेल, या भरवशावर पुण्यात कुणी राहू नये. सेकंड शिफ्टवाल्यांनी कंपनीची कॅब नसेल तर हा बेत सोडावा; मेट्रो अकराच्या सुमारास थांबते.

फ्लॅट बघताना रंगापेक्षा पाणी विचारा, आणि ते एजंटला नव्हे, वॉचमनला. पालिकेचे किती वेळ येते, टँकर कधीपासून लागतो, त्याची वर्गणी मेंटेनन्समध्ये आहे की वेगळी? दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचे तर तो बहुधा गुरुवार असतो, त्यामुळे घरात साठवणीची टाकी हवी. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल आणि खिडकी नसेल तर तो फ्लॅट नको. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध पडतो. सेफ्टी डोअर असले तरी मुख्य दाराच्या लॅचचा सिलिंडर बदलून घ्या. आधीच्या भाडेकरूंकडे किती किल्ल्या राहिल्या, हे मालकालाही माहीत नसते. वीजमीटर स्वतंत्र हवा. दोन घरांत एकच असेल तर युनिट एकत्र मोजली जाऊन वरचा स्लॅब लागतो.

करार 11 महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार ती जबाबदारी मालकाची. ‘नोटरीवर भागेल’ म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगावे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या, अधिक डिपॉझिटवर धरलेल्या 10 टक्के व्याजाच्या, 0.25 टक्के. भाडे 22,000 आणि डिपॉझिट 60,000 असेल तर ते सहा-सातशेच्या घरात जाते. शहरात नोंदणी फी 1,000. एजंट पाच-सहा हजारांचे पॅकेज सांगतो तेव्हा हा हिशेब मांडावा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते ना-वापर शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येते, आणि ते मालकाने भरायचे हे करारातच लिहून घ्यावे.

डिपॉझिट परत घेताना वाद होतो तो रंगकामावरून. किल्ली घेतानाच भिंती, ओल, नळ आणि मीटरचे रीडिंग यांचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअॅप करा. रंगाची कपात किती, याचा आकडा करारात घाला. ‘चालू दराने’ हे शब्द तिथे राहू देऊ नका.